युरियाचा वास तुम्ही बरोबर ओळखलात

करवीर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र चार पानी आहे, त्यातला गाभा देतो.

"माझे मालक ५२ वर्षांचे आहेत. पंधरा वर्षं साखर आणि बीपी. आठ महिन्यांपासून दर सोमवारी आणि गुरुवारी कोल्हापुरात डायलिसिस चालू आहे, डाव्या हाताला फिस्टुला केलाय, म्हणजे मशीनच्या सुया टोचायला शिरा जोडून घेतल्यात. त्यांच्या तोंडाला वास येतो. उसाला युरिया टाकला आणि वर पावसाची भुरभुर झाली की रानात येतो, तसला. मी दोनदा रागानं बोलले की दात नीट घासत जावा. ते म्हणतात, तोंडात तांब्याचा पैसा धरल्यागत वाटतंय, जेवणाला चवच न्हाई. हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश सोडला, आता नुसती मिसरी लावतात. खालची उजवी दाढ हलते आणि रात्री ठणकते. दाताच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी हात बघितला आणि म्हणाले, डायलिसिसचा पेशंट आहे, मी हात लावत नाही. मग मेडिकलमधून गोळी आणली, तिनं बरं वाटतं. माझी किडनी त्यांना द्यायची असं घरात ठरतंय, तपासण्या चालू आहेत. पण खरं सांगते, रात्री मी तोंड फिरवून झोपते. ज्याला किडनी द्यायला निघाले त्याच्याकडंच पाठ करते, याची लाज वाटते. दाढ काढायची का? आणि हा वास कशानं जाईल?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी एकच सांगावंसं वाटलं. तुम्ही जो वास ओळखलात तो अगदी बरोबर ओळखलात, आणि त्यात मालकांचा काहीही दोष नाही. युरियासारखा वास येतो म्हणालात, तो युरियाचाच आहे. आपण खाल्लेल्या प्रथिनांचा जो कचरा शरीरात तयार होतो, त्यातला मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. पोत्यात येतो तो युरिया आणि रक्तातला युरिया, पदार्थ एकच. निरोगी किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. किडनी थकली की तो रक्तात साठतो, रक्तातून लाळेत उतरतो, आणि तोंडातले जंतू त्याचा अमोनिया करतात. रानातही हेच घडतं. मातीतले जंतू ओल मिळाली की युरियाचा अमोनिया करतात आणि तो तुमच्या नाकाला लागतो. उसाच्या सरीत जे चालतं तेच तुमच्या मालकांच्या जिभेवर चाललं आहे. तांब्याच्या पैशाची चवही त्यातूनच येते. त्यांनी दिवसातून पाच वेळा दात घासले असते तरी हा वास पूर्ण गेला नसता. हे त्यांना आजच सांगा. आठ महिने हा माणूस स्वतःला घाणेरडा समजत असेल. डायलिसिसच्या पेशंटांनी बोलताना तोंडावर हात धरलेला मी फार पाहिला आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना या वासाचं कारण कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

पण वास येतो आणि तो आजारामुळे आहे, एवढ्यावर सोडून द्यायचं नाही. वास ही एक खूणही आहे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात, कामाचं सगळं परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर सोडतात. हे काम रात्रंदिवस चालतं, म्हणजे आठवड्याचे १६८ तास. मालकांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, एका वेळी चार तास धरले तर मशीनला मिळतात आठ तास. जगभर नेहमीचं प्रमाण आठवड्यातून तीनदा चार-चार तासांचं आहे. आपल्याकडे खर्च, एसटीचे हेलपाटे आणि रोजगार बुडणं यामुळे पुष्कळजण दोनदावर भागवतात. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांचं तेवढ्यावर काही काळ निभतंही. म्हणून सोमवारी किडनीच्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. डायलिसिसच्या आधी आणि नंतर युरिया किती असतो? एका खेपेत तो निदान ६५ टक्क्यांनी खाली येतो का? वास वाढत चालला असेल, त्याच्यासोबत मळमळ, उचकी, अंगाला खाज, दिवसा गुंगी असं काही असेल तर ते न विचारता सांगा. तिसरी खेप लागेल असं डॉक्टर म्हणाले तर पैशाच्या काळजीनं गप्प बसू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. तुम्ही जिथे जाता तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात रेशनकार्ड आणि आधार दाखवून चौकशी करा.

आता दाढेकडे येतो.

तुम्ही जिथे गेलात त्या दंतवैद्यांनी हात लावला नाही. मी स्वतः दाताचा डॉक्टर आहे, तीस वर्षं दात काढतो आहे, आणि मला त्यांची भीती कळते. तयारी न करता अशी दाढ उपटण्यापेक्षा नाही म्हणणं बरं. पण नुसतं नाही म्हणून पेशंटला दारातून परत पाठवायला नको होतं. कुठे जा, कोणते रिपोर्ट आणा, कोणत्या दिवशी या, एवढं तरी सांगायला हवं होतं. ते राहिलं, म्हणून मी सविस्तर सांगतो.

भीती कसली, ते मला एका पेशंटनं शिकवलं. माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीची गोष्ट. एक गृहस्थ दाढ काढायला आले. काही आजार आहे का विचारलं तर म्हणाले, थोडं बीपी आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट होता. दाढ निघाली, कापूस दाबून ठेवला, अर्ध्या तासानं काढला तर खड्डा पुन्हा भरून आलेला. दुसरा कापूस, तिसरा कापूस. नाडी बघायला डावं मनगट धरलं तर बोटांखाली मांजर गुरगुरावं तशी थरथर लागली. बाही वर केली तर फिस्टुला, त्यावर सकाळचीच चिकटपट्टी. थेट डायलिसिसवरून उठून ते माझ्याकडे आले होते. आधी एका ठिकाणी नाही म्हणाले होते, म्हणून लपवलं असं नंतर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. टाके घालून, औषधात भिजवलेला बोळा दाबून संध्याकाळी रक्त थांबलं. त्यांनी लपवलं हे खरं, पण बाही वर करायला सांगणं माझं काम होतं. त्या दिवसापासून माझ्या खुर्चीवर बसणारा प्रत्येक माणूस आधी दोन्ही हात दाखवतो.

असं का झालं? डायलिसिस करताना मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, त्याचा असर काही तास राहतो. आणि दुसरी गोष्ट सहज लक्षात येत नाही. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट रिपोर्टात मोजायला अगदी बरोबर असतात, पण युरियाने माखलेल्या रक्तात त्या एकमेकींना नीट चिकटत नाहीत. फड भरलेला दिसतो, पण कोयता कुणी चालवत नाही. मालकांच्या हिरडीतून रक्त येतं त्यात याचाही वाटा आहे.

म्हणून दिवस निवडायचा तो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीचा. हेपॅरिन उतरलेलं असतं, रक्त त्यातल्या त्यात स्वच्छ असतं, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं त्यामुळे खुर्चीत मागे रेलल्यावर धाप लागत नाही. तुमच्या बाबतीत मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस निघतात. मी शुक्रवार सकाळ निवडेन. मंगळवारी दाढ काढली तर गुरुवारी लगेच पुन्हा हेपॅरिन, शुक्रवारी काढली तर जखमेला सोमवारपर्यंत एक दिवस जास्त मिळतो. सकाळची वेळ अशासाठी की दुपारनंतर काही वाटलं तर दवाखाना उघडा असतो. आणि सोमवारी मशीनवर बसायच्या आधी तिथल्या सिस्टरना सांगायचं की शुक्रवारी दाढ काढली आहे. हेपॅरिन कमी किंवा बंद ठेवून डायलिसिस करता येतं, ते डॉक्टर ठरवतील.

दाढ काढायचीच का, हे मी पत्रावरून ठरवणार नाही, एक्स-रे बघून तिथले डॉक्टर ठरवतील. पण एक गोष्ट त्यांच्याशी बोलताना तुमच्या कानावर असू द्या. दाढ हलण्याची इथे दोन कारणं असू शकतात. एक नेहमीचं म्हणजे पायरिया, हिरडीखाली साठलेलं कीटण. डायलिसिसच्या पेशंटांना कीड तुलनेनं कमी लागताना दिसते, कारण अमोनियामुळे तोंडातलं आम्ल मरतं. पण कीटण मात्र भराभर साठतं. त्यात पंधरा वर्षांची साखर आणि मिसरी. दुसरं कारण हाडात असतं. ड जीवनसत्त्व अंगी लागावं म्हणून त्याला शेवटचा हात किडनी मारते. ते थांबलं, फॉस्फरस बाहेर जाणं थांबलं की गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी बेफाम होतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात आणतात. जबड्याचं हाडही त्यातून सुटत नाही. एक्स-रेत निरोगी दाताच्या मुळाभोवती पेन्सिलीनं आखल्यासारखी बारीक पांढरी रेघ दिसते. या आजारात ती रेघ पुसट होते, कधी नाहीशी होते. म्हणून एका दाढेचा छोटा एक्स-रे न काढता पूर्ण जबड्याचा, ओपीजी म्हणतात तो, काढून घ्या. आणि किडनीच्या डॉक्टरांना पॅराथॉर्मोन (त्याच ग्रंथींचं संप्रेरक), कॅल्शियम आणि फॉस्फरसचे आकडे विचारा. जेवणासोबत घ्यायला जी फॉस्फरसची गोळी दिलेली असते ती मालक खरंच घासासोबत घेतात का तेही बघा. ती गोळी जेवणातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवते. जेवून तासाभरानं घेतली तर फुकट जाते. पेशंट ती सगळ्यात जास्त चुकवतात असा माझा अनुभव आहे. कोल्हापुरात गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची सवय असेल तर तीही डॉक्टरांच्या कानावर घाला. दुधात फॉस्फरस भरपूर असतो, आपल्या भागातल्या माणसाला दूध सोडणं जड जातं, आणि म्हणून बरेचजण ते सांगतच नाहीत.

किडनी द्यायची ठरवली आहे म्हणता, मग तर ही दाढ लांबणीवर टाकायची नाही. नवी किडनी बसवल्यावर शरीरानं ती परकी म्हणून झिडकारू नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात, तीही कायमची. त्या दिवसांत हिरडीखाली लपलेला पू छोटा राहत नाही. म्हणून प्रत्यारोपणाच्या आधी दंततपासणी करून घेतात. जे दात वाचणार नाहीत ते काढून, कीटण साफ करून, भरायचं ते भरून मगच पुढे जातात. प्रत्यारोपणानंतरचे पहिले तीन ते सहा महिने तर तातडीशिवाय दाताला हात लावायचा नसतो. म्हणजे आत्ताचे महिने हीच योग्य वेळ. तुमच्या कागदपत्रांत दाताच्या डॉक्टरांचा दाखला अजून नसेल तर तो लागणार हे धरून चला.

आणि तुमचे दात? तुम्ही दाता आहात, तुमचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या. आणि दुखण्याच्या गोळ्या तुम्हीही सहज घेणं आजपासून बंद.

इथे मेडिकलच्या गोळीवर येतो, कारण पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तीच आहे. पाकीट घरात असेल तर मागची बाजू वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, नायमेसुलाइड, किटोरोलॅक यांपैकी एकही नाव असेल तर ती गोळी मालकांना पुन्हा देऊ नका, आणि किती दिवस दिली ते किडनीच्या डॉक्टरांना सांगा. या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतात. "आता डायलिसिसच चालू आहे, अजून काय बिघडायचं राहिलंय" असं पुष्कळ लोक म्हणतात. राहिलेलं असतं. मालकांना दिवसाला पेलाभर जरी लघवी होत असेल तरी तो पेलाभर सोन्याच्या मोलाचा आहे, त्यावर त्यांना किती पाणी प्यायला मिळणार हे ठरतं. शिवाय या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि आधीच रक्त न गोठणाऱ्या माणसाच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्यावर त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणजे साधी पॅरासिटामॉल, किती आणि किती तासांनी ते डॉक्टरांना फोन करून विचारा. फसायला होतं ते जोडगोळीत. पाकिटावर पॅरासिटामॉल मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात अ‍ॅसिक्लोफिनॅक असतं. पाण्यात फसफसणारी पॅरासिटामॉलही नको, तिच्यात सोडियम असतं. लवंगेचं तेल कापसावर अगदी टिपका लावून दाढेला टेकवलं तर तात्पुरतं बरं वाटेल, हिरडीला लागलं तर भाजतं. गोळी कुटून दाढेत भरायची नाही.

प्रतिजैविकांचंही तसंच. अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखं नेहमीचं औषध चालतं, पण किडनीवाटे बाहेर जाणारं औषध अंगात साठतं म्हणून डोस किंवा दोन डोसांतलं अंतर बदलावं लागतं. जेंटामायसिनचं इंजेक्शन टाळायचं. गेल्या वेळच्या उरलेल्या कॅप्सूल द्यायच्या नाहीत. दाताला बधीर करायचं नेहमीचं इंजेक्शन मात्र चालतं, ते औषध मुख्यतः यकृतात मोडतं. त्याची भीती मनातून काढा.

शुक्रवारच्या आधी दोन डॉक्टरांची गाठ घालून द्यायचं काम तुम्हाला करावं लागेल. ते आपणहून एकमेकांना फोन करतील अशी वाट बघू नका. किडनीच्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घ्या. डायलिसिसचे वार, हेपॅरिन देतात का, रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू आहे का, बीपीच्या कोणत्या गोळ्या आहेत, कोणती प्रतिजैविकं किती डोसात चालतील, एवढं तिच्यात आलं पाहिजे. सोबत हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याची तपासणी, आणि कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही यांचे रिपोर्ट. हे तीन रिपोर्ट डायलिसिस सेंटरवर करतातच, फाइलमधून झेरॉक्स मागा. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर दाढ काढायची म्हणून आपल्या मनानं बंद करू नका, हृदयासाठी ती का दिली हे डॉक्टरांना माहीत असतं. ही फाइल घेऊन दात काढणाऱ्या सर्जनकडे, मुखशल्यचिकित्सक म्हणतात त्यांच्याकडे, जा.

खुर्चीत बसल्यावर डाव्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, त्या हातावर रेलून बसणं नाही. हे मालकांनी स्वतः मोठ्यानं सांगायचं.

त्या सकाळी उपाशी नेऊ नका. इन्सुलिन असेल तर हे आणखी महत्त्वाचं. इन्सुलिन शरीराबाहेर घालवण्यातही किडनीचा हात असतो, किडनी थकली की ते जास्त वेळ अंगात राहतं. दाढ काढल्यावर जेवण कमी जाणार आणि इन्सुलिन नेहमीएवढं, म्हणजे साखर एकदम खाली. त्या दिवशीचा डोस आदल्या दिवशी विचारून ठेवा. घाम फुटला, हात थरथरले तर साखर किंवा ग्लुकोज द्या. संत्र्याचा रस आणि शहाळं नको, त्यांत पोटॅशियम असतं.

दाढ काढल्यावर बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, सारखा काढून बघायचा नाही. पहिला दिवस चूळ नाही, थुंकणं नाही, गरम रस्सा नाही, मिसरी तर नाहीच. झोपताना दोन उशा. खड्ड्यात गडद लाल गुठळी दिसली की समजायचं, बरं चाललंय. नवा बोळा अर्धा तास घट्ट दाबूनही तोंड भरून येत असेल तर फोन करायचा. ताप, थंडी वाजणं, गालाखाली किंवा गळ्याला सूज, तोंड न उघडणं, गिळताना त्रास यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता निघायचं.

आता रोजचं. ब्रश आजपासून पुन्हा सुरू करा. रक्त येतं म्हणून ब्रश सोडला, ब्रश सोडला म्हणून कीटण वाढलं, कीटण वाढलं म्हणून हिरडी सुजली आणि आणखी रक्त यायला लागलं. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री झोपताना, हिरडीच्या कडेला हलक्या हातानं. पहिले आठ-दहा दिवस रक्त दिसेल, हिरडीची सूज उतरली की कमी होईल. जीभ साफ करायची घासणी रोज वापरा, युरिया फोडणारे जंतू जिभेच्या मागच्या भागावरच दाट असतात. तोंड धुवायला क्लोरहेक्सिडिनचं औषध दिलं तर ते पेस्टनंतर अर्ध्या तासानं वापरा आणि सांगितलेल्या दिवसांच्या पुढे नेऊ नका, दात तपकिरी होतात आणि चव आणखी बिघडते. मिसरीबद्दल मी गोड बोलणार नाही. भाजलेली असली तरी ती तंबाखूच आहे, हिरडी आणि रक्तवाहिन्या दोन्हींना ती आवळते. प्रत्यारोपणाच्या टेबलावर जायच्या आधी ती सुटलीच पाहिजे. एकदम सुटत नसेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर मदत मिळते.

हिरड्या जाड होऊन दातांवर चढल्यासारख्या दिसतात का, एकदा उजेडात बघा. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी काहींच्या हिरड्या वाढवते. तसं दिसलं तर गोळी बंद करू नका, डॉक्टर बदलून देतील. हिरड्या फिक्या पांढरट दिसल्या तर ते वेगळं, रक्त तयार करायचा हुकूम किडनीतून सुटतो, तो कमी पडला की हिमोग्लोबिन उतरतं आणि हिरडी चुगली करते.

तोंडाच्या कोरडेपणाबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण तो असणारच. पाणी मोजून, लाळ कमी, आणि रात्री तोंड उघडं पडून झोप. तहान मिठातून येते हे आधी धरा. पापड, लोणचं, फरसाण आणि डब्यातली कांदा-लसूण चटणी यांतलं मीठ अर्धं केलंत तर पाण्याची मारामार तेवढीच हलकी होईल. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि ते मालकांच्या हृदयाला धोक्याचं आहे. गार पाण्याची चूळ भरून थुंकली तर पाण्याच्या हिशेबात येत नाही आणि वासही काही वेळ कमी होतो. बर्फाचा खडा चघळला तर तो हिशेबात धरायचा. बिनसाखरेचं च्युइंगम चघळलं की लाळ सुटते, दाढ दुखते आहे तोपर्यंत ते दुसऱ्या बाजूनं. लिंबाची फोड चोखत बसणं नको, दाताचं आवरण झिजतं. उलटी झाली तर लगेच ब्रश न करता आधी नुसत्या पाण्यानं खळखळून चूळ, ब्रश अर्ध्या तासानं.

दाढ ठणकते म्हणून मालक काय खातात हे तुम्ही लिहिलं नाही, पण माझा अंदाज, नुसता मऊ भात आणि वरण चाललं असेल. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी प्रथिनं कमी करायला सांगतात आणि सुरू झाल्यावर वाढवायला, कारण मशीनमधून ती वाहून जातात. हा बदल घराघरात राहून जातो. अंड्यांचा पांढरा भाग उकडून कुस्करा, चिकनचा खिमा करून मऊ शिजवा, भाकरी दुधाऐवजी पातळ, कमी मिठाच्या आमटीत भिजवा. किती द्यायचं ते आहारतज्ज्ञांकडून वजनावर काढून घ्या.

आणि तुमची लाज. ताई, नाकाला वास लागला म्हणून मान वळली, त्यात तुमचं मन वळलेलं नाही. अमोनियासमोर कुणाचीही मान वळते, माझीही वळते, आणि मी मास्क लावून बसतो. तुम्ही रागानं बोललात ते त्यांना लागलं असेल, तेव्हा सोमवारची वाट न बघता आज रात्री त्यांना सांगा की वास दात न घासल्याचा नव्हता, युरियाचा होता, आणि मी चुकून बोलले. शेतकरी माणूस आहे, युरियाचं गणित त्याला माझ्यापेक्षा लवकर कळेल. झोपायच्या आधी त्यांनी ब्रश, जिभेची घासणी आणि गार पाण्याची चूळ एवढं करून बघू दे, पहिल्या झोपेपर्यंत तरी फरक पडतो. खिडकी उघडी ठेवा.

शुक्रवारी रिक्षानं न जाता कुणाला तरी गाडी घेऊन बोलवा, येताना त्यांच्या तोंडात बोळा असेल आणि बोलता येणार नाही. ओपीजीत मुळाभोवतीची ती पांढरी रेघ दिसली का, आणि पॅराथॉर्मोनचा आकडा किती आला, हे दोन्ही मला लिहून कळवा. मी पुढचं सांगतो.